झिंकचं वजा ०.७६ नेमकं कुणाच्या हिशोबाने?

एका बीकरमध्ये ०.१ मोलर कॉपर सल्फेट, त्यात तांब्याची पट्टी, शेजारच्या बीकरमध्ये कॅलोमेल इलेक्ट्रोड (ज्याचं पोटेन्शियल आधीच माहीत असतं), मध्ये दोन्ही सोल्युशन जोडणारा सॉल्ट ब्रिज (क्षार भरलेली वाकडी नळी), आणि मल्टीमीटर लावला की ०.०४ व्होल्टच्या आसपास रीडिंग येतं. आता स्टँडर्ड इलेक्ट्रोड पोटेन्शियलचं टेबल काढून बघा, म्हणजे कोण इलेक्ट्रॉन किती ओढतं त्याचे व्होल्टमधले आकडे. कॉपर अधिक ०.३४, सॅच्युरेटेड कॅलोमेल ०.२४१. वजाबाकी केली तर ०.१० यायला पाहिजे ना? मग निम्म्याहून जास्त जातं कुठे? पट्टी घासून घ्या, ब्रिज नवीन बनवा, क्लिपा बदला, तरी ०.०४ च. आमच्या लॅबमध्ये याचं एक ठेवणीतलं उत्तर आहे, "एक्स्परिमेंटल एरर". पोरं जर्नलमध्ये तेवढं लिहितात, सही होते, पुढच्या बॅचला बीकर धुवून ठेवायचे.

बीकर धुवून ठेवणारी मी. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात केमिस्ट्री लॅबची असिस्टंट आहे, ज्युनियर-सिनियर दोन्ही. सोल्युशन बनवणं, बाटल्यांना लेबल लावणं, अगर-अगर उकळून त्यात पोटॅशियम क्लोराइड घालून यू-ट्यूब भरणं हे हाताला इतकं बसलंय की गप्पा मारत होतं. पण ई नॉट (टेबलातलं हे स्टँडर्ड पोटेन्शियल) म्हणजे काय हे विचारलं असतं तर मी टेबलाकडे बोट दाखवलं असतं. मग मुक्त विद्यापीठातून बीएस्सी करायला घेतलं (घरच्यांनी बरंच ऐकवलं, ते जाऊ दे) आणि फिजिकल केमिस्ट्रीच्या पेपरला हे टेबल समोर आलं, तेव्हा ठरवलं की पाठ नाही करायचं, समजून घ्यायचं, कारण सामान सगळं माझ्याच कपाटात आहे, किल्ली पण माझ्याकडेच.

माझ्याकडे भांडवल काय तर दहावीची क्रियाशीलता श्रेणी. पोटॅशियम वर, सोनं खाली, वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षारातून हाकलतो. झिंकची पट्टी कॉपर सल्फेटमध्ये ठेवली की तिच्यावर काळपट-तांबूस थर चढतो आणि निळा रंग फिका होत जातो, हे तर दरवर्षी बघते. ई नॉटचं टेबल म्हणजे त्याच श्रेणीला आकडे चिकटवलेत एवढं पहिल्यांदा वाटलं आणि ते तसं चूक पण नाही. पण श्रेणीत नुसता क्रम होता. इथे झिंकच्या पुढे स्पष्ट वजा ०.७६ लिहिलंय, व्होल्टमध्ये. म्हणजे कुणीतरी मोजलंय. मोजलं तर मला पण मोजता आलं पाहिजे.

एका दुपारी प्रॅक्टिकल नव्हतं म्हणून झिंक सल्फेटमध्ये झिंकची पट्टी उभी केली, मल्टीमीटर २ व्होल्टच्या रेंजवर, एक प्रोब पट्टीला आणि दुसरा सरळ सोल्युशनमध्ये. आकडा आला! पण थांबेना, सरकतच राहिला. मग दुसऱ्या प्रोबला तांब्याची तार गुंडाळून ती बुडवली, तर आकडा वेगळा. स्टीलचा स्पॅच्युला बुडवला तर अजून वेगळा. तेव्हा लक्षात आलं की सोल्युशनला नुसता हात लावून बघायची सोयच नाही. जे काही बुडवू ते स्वतःच एक इलेक्ट्रोड होतं आणि त्याचं आणि सोल्युशनचं आपलं काहीतरी चालू होतं. मीटरला दोन टोकं असतात आणि तो दोन टोकांमधला फरकच सांगतो. म्हणजे एकट्या झिंकचं पोटेन्शियल ही मोजायची गोष्टच नाही. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं, "एकट्या हाफ सेलचं पोटेन्शियल मोजता येत नाही" (हाफ सेल म्हणजे एक पट्टी आणि तिचं सोल्युशन), आणि ते वाचून आपण पुढे जातो, पण स्पॅच्युला बुडवून बघितल्यावर ते जसं डोक्यात बसलं तसं वाचून कधीच बसलं नसतं.

मग वजा ०.७६ आलं कुठून? तर हायड्रोजनला शून्य धरून. सगळ्यांनी मिळून ठरवलंय की प्लॅटिनमवर प्लॅटिनम ब्लॅकचा थर, त्यावर १ बार दाबाने शुद्ध हायड्रोजन सोडायचा, सोल्युशनमध्ये हायड्रोजन आयनची ॲक्टिव्हिटी (म्हणजे इलेक्ट्रोडला जाणवणारं कॉन्सन्ट्रेशन) १, आणि या इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल शून्य. कुठल्याही तापमानाला शून्य. हे मोजून शून्य आलेलं नाही, शून्य म्हणायचं ठरलंय. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो कारण आमच्याकडच्या बऱ्याच पोरांना वाटतं की हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन द्यायची-घ्यायची ओढच नाही म्हणून शून्य. तसं काही नाही. त्याचं निरपेक्ष मूल्य काढायचे प्रयत्न झालेत, अंदाजे ४.४४ व्होल्ट असा आकडा आयुपॅकनेही (केमिस्ट्रीतली नावं-नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) दिलाय, पण रोजच्या कामाला त्याचा काही उपयोग नाही.

उपयोग का नाही हे पटवून घ्यायला मी एक उद्योग केला. वहीत नवीन टेबल बनवलं ज्यात झिंकला शून्य दिलं. सगळ्यांमध्ये ०.७६ मिळवायचे, बस. झिंक ०, लोखंड ०.३२, हायड्रोजन ०.७६, कॉपर १.१०, सिल्व्हर १.५६. आता डॅनियल सेल (झिंक आणि कॉपरचा) काढा, १.१० वजा ०, उत्तर १.१०. जुन्या टेबलाने काढा, ०.३४ वजा (वजा ०.७६), उत्तर १.१०. कॉपर-सिल्व्हरचा सेल, १.५६ वजा १.१० म्हणजे ०.४६, जुन्याने पण ०.८० वजा ०.३४ म्हणजे ०.४६. मीटरवर जे दिसणार ते काही हललं नाही. शून्य कुठे ठेवायचं ही आपली सोय, आणि टेबलातलं ते 'वजा' चिन्ह म्हणजे फक्त "हायड्रोजनच्या खाली" एवढंच. झिंकमध्ये उणं असं काही नाही. दहा मिनिटांचं काम आहे, ज्याला हा धडा जड जातो त्याने एकदा करून बघावं, मी तर आता पोरांना करायलाच लावते.

बाय द वे, हा हायड्रोजन इलेक्ट्रोड मी आजपर्यंत डोळ्याने बघितलेला नाही. आमच्या कपाटात नाही, शेजारच्या कॉलेजात नाही. हायड्रोजनचा सिलिंडर, प्लॅटिनम, तो काळा थर, कुणी करायचा खटाटोप आणि खर्च. म्हणून कॅलोमेल. आत पारा, मर्क्युरस क्लोराइड आणि सॅच्युरेटेड पोटॅशियम क्लोराइड, आणि त्याचं पोटेन्शियल हायड्रोजनच्या मानाने २५ डिग्रीला ०.२४१ हे आधीच माहीत. म्हणजे आपण झिंक मोजतो कॅलोमेलच्या मानाने आणि मग ०.२४१ मिळवून हायड्रोजनच्या मानाने लिहितो. "०.२४१ ॲड करा" ही सूचना प्रॅक्टिकलच्या कागदावर मी कितीदा झेरॉक्स केली असेल, का करायचं ते आत्ता कळलं.

चिन्हांचा गोंधळ हा खरा छळ आहे आणि त्यावर थोडं जास्तच लिहिते. पहिला प्रश्न, झिंक तर विरघळतं, इलेक्ट्रॉन देतं, म्हणजे त्याचं ऑक्सिडेशन होतं, मग त्याच्यापुढे 'रिडक्शन' (म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याचं) पोटेन्शियल का लिहायचं? मी आमच्या फिजिकलच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, टेबलात सगळ्यांना एकाच दिशेला तोंड करून उभं केलंय, कोण पुढे कोण मागे ते बघायला. प्रत्यक्षात कोण कुठल्या दिशेला पळणार ते समोर कोण येतं त्यावर." हे पटलं. आमच्या लायब्ररीत एक जुनं, पानं पिवळी पडलेलं अमेरिकन पुस्तक आहे, त्यात झिंक चक्क अधिक ०.७६ आणि कॉपर वजा ०.३४. मला वाटलं छपाईची चूक. नाही, तिकडे पूर्वी ऑक्सिडेशन पोटेन्शियल लिहायची पद्धत होती, सगळी चिन्हं उलटी. १९५३ ला स्टॉकहोमला आयुपॅकने ठरवलं की इलेक्ट्रोड पोटेन्शियल म्हणजे रिडक्शनच्या दिशेचं, तरी जुनी पुस्तकं कपाटात राहतातच, आणि पोरगं एक आकडा इकडून आणि एक तिकडून उचलतं.

दुसरं म्हणजे गणित करायच्या दोन रीती आहेत. एक, झिंकची रिॲक्शन उलटी करा, चिन्ह बदला आणि बेरीज करा. दुसरी, चिन्हाला हात लावू नका, कॅथोडमधून (जिथे रिडक्शन होतं) ॲनोड (जिथे ऑक्सिडेशन होतं) वजा करा. दोन्ही बरोबर. पण पेपरात काय होतं, चिन्ह पण बदलतात आणि वजा पण करतात, मग ०.३४ वजा ०.७६ करून वजा ०.४२ येतं आणि खाली लिहितात "सेल चालणार नाही". डॅनियल सेल चालणार नाही! १८३६ पासून चालतोय तो. मी दुसरी रीत धरली आणि पहिलीकडे बघितलंच नाही. उजवा वजा डावा. सेल लिहिताना ॲनोड डावीकडे, कॅथोड उजवीकडे, आणि मीटरचा लाल प्रोब उजव्याला, काळा, जो कॉम लिहिलेल्या भोकात असतो तो, डाव्याला. मग मीटर जे चिन्ह दाखवेल तेच सेलचं चिन्ह. प्रॅक्टिकलला "मॅडम रीडिंग मायनस येतंय" अशी हाक आली की आधी प्रोब बघायचे.

आणि ॲनोड-कॅथोड हे काही धातूच्या अंगावर लिहिलेलं नसतं. लोखंड वजा ०.४४. झिंकसमोर आणलं तर लोखंड कॅथोड, कॉपरसमोर आणलं तर तेच लोखंड ॲनोड. एकच माणूस एका घरात मामा असतो आणि दुसऱ्या घरात जावई, तसं. जीआय पत्रा घ्या, लोखंडावर झिंकचा थर. ओरखडा पडून आतलं लोखंड उघडं पडलं तरी आधी झिंक जातं, लोखंड बऱ्यापैकी वाचतं. पण टिनचा थर दिलेला डबा घ्या, टिन वजा ०.१४, म्हणजे लोखंडाच्या वर. तिथे ओरखडा पडला की लोखंडच ॲनोड होतं आणि उलट जोरात गंजतं. आमच्या गीझरच्या मेकॅनिकने टाकीतून एक झिजून काटकी झालेला रॉड काढून दाखवला होता, मॅग्नेशियमचा, वजा २.३७ वाला. तो टाकीसाठी झिजायलाच ठेवलेला असतो. मेकॅनिकला ई नॉट माहीत नव्हतं पण रॉड कधी बदलायचा ते पक्कं माहीत होतं.

आता दोन ठिकाणी माझी गाडी अडली, आणि गंमत म्हणजे दोन्हीचं मूळ एकच निघालं.

पहिलं, कॉपर आणि सिल्व्हरच्या सेलमध्ये एका कॉपरला दोन सिल्व्हर आयन लागतात. सिल्व्हरची रिॲक्शन दोनने गुणायची. मग ०.८० ला पण दोनने गुणायचं ना? नाही. का नाही? "इंटेन्सिव्ह प्रॉपर्टी आहे" हे उत्तर मिळतं आणि त्याने काही कळत नाही. मला कळलं ते व्होल्ट म्हणजे काय हे बघितल्यावर. व्होल्ट म्हणजे दर कूलोंबला किती जूल. दर आहे तो. दुप्पट इलेक्ट्रॉन गेले तर ऊर्जा पण दुप्पट, भाग दिला की दर तोच. घड्याळातला पेन्सिल सेल १.५ व्होल्ट आणि जुन्या टॉर्चमधला जाडजूड सेल पण १.५ व्होल्टच, मोठा जास्त दिवस चालतो एवढंच. लॅबमध्ये पण पट्टी बोटभर बुडवा की निम्मी बुडवा, रीडिंग तेच.

दुसरं लोखंडाचं. फेरिक आयनपासून (तीन प्लसवाला) फेरस (दोन प्लसवाला) अधिक ०.७७. फेरसपासून लोखंड वजा ०.४४. मग फेरिकपासून थेट लोखंड किती? बेरीज करून ०.३३ असं वाटतं. टेबलात आहे वजा ०.०४. चिन्हच बदललं की हो! इथे मी चांगलीच अडकून बसले होते, स्वयंपाक करताना पण डोक्यात तेच. मग सरांनी एका कागदावर फक्त डेल्टा जी बरोबर वजा एन एफ ई (ऊर्जा म्हणजे इलेक्ट्रॉनची संख्या गुणिले फॅरडेचा ९६४८५ गुणिले पोटेन्शियल, चिन्ह उलटं) लिहून दिलं आणि म्हणाले, "बेरीज ऊर्जेची होते, दराची नाही." बसून केलं. फेरिक ते फेरस एक इलेक्ट्रॉन, १ गुणिले ०.७७ म्हणजे ०.७७. फेरस ते लोखंड दोन इलेक्ट्रॉन, २ गुणिले वजा ०.४४ म्हणजे वजा ०.८८. बेरीज वजा ०.११. एकूण इलेक्ट्रॉन तीन, भागिले ३, वजा ०.०३७. टेबलात वजा ०.०४. मी लगेच कॉपरवर करून बघितलं, क्युप्रिक ते क्युप्रस ०.१५, क्युप्रस ते कॉपर ०.५२, बेरीज ०.६७, भागिले २, ०.३३५. टेबलात ०.३४. टेबलातले आकडे असे आपसात बांधलेले असतात हे दिसल्यावर पाठांतराचं ओझं एकदम कमी झालं, एखादा आकडा विसरला तर बाकीच्यांवरून काढता येतो.

मग पूर्ण सेलमध्ये नुसती वजाबाकी कशी चालते? कारण तिथे एकाने दिलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्याने तेवढेच घेतलेले असतात, एन दोन्हीकडे सारखा, उडून जातो. लोखंडाच्या वेळी आपण दोन हाफ रिॲक्शन जोडून तिसरी हाफ रिॲक्शनच बनवत होतो, इलेक्ट्रॉन शिल्लक राहतात, म्हणून भाग द्यावा लागतो. हे एक वाक्य कुठल्याच गाईडमध्ये मला सरळ लिहिलेलं सापडलं नाही.

याच सूत्राने डॅनियल सेलची ऊर्जा काढली, २ गुणिले ९६४८५ गुणिले १.१०, साधारण २१२ किलोजूल दर मोलला. आणि इक्विलिब्रियम कॉन्स्टंट (रिॲक्शन किती पुढे जाते ते सांगणारा) काढला तर १० चा ३७ वा घात. म्हणजे पुरेसं झिंक असेल तर कॉपर सल्फेटचा निळा रंग नुसता फिका होऊन थांबत नाही, जातोच.

बरं, आता त्या ०.०४ कडे. नर्न्स्टचं समीकरण, १८८९ चं, कॉन्सन्ट्रेशन बदललं की पोटेन्शियल किती बदलतं ते सांगणारं. स्टँडर्ड म्हणजे आयनची ॲक्टिव्हिटी १. आपलं सोल्युशन ०.१ मोलर. दोन इलेक्ट्रॉनच्या रिॲक्शनला कॉन्सन्ट्रेशन दहापट कमी केलं की ०.०५९२ भागिले २, म्हणजे ०.०२९६ ने पोटेन्शियल उतरतं. ०.१० मधून ०.०३ गेले, राहिले ०.०७. मीटर ०.०४ दाखवतोय. अजून ०.०२५ च्या आसपास कुठेतरी आहेतच.

ते सापडले ॲक्टिव्हिटीत. आपण "ॲक्टिव्हिटी म्हणजे कॉन्सन्ट्रेशन समजा" म्हणून पुढे जातो, आणि सोडियम क्लोराइडला ते थोडंफार खपतं, पण कॉपर सल्फेटमध्ये दोन प्लसवाला आयन आणि दोन मायनसवाला आयन, एकमेकांना धरून बसतात. ०.१ मोलर कॉपर सल्फेटचा ॲक्टिव्हिटी कोएफिशियंट साधारण ०.१५ आहे. म्हणजे बाटलीवर मी लेबल लावलंय ०.१ चं पण इलेक्ट्रोडला जाणवतं ०.०१५! लॉग घ्या, ०.०२९६ ने गुणा, अजून ०.०२४ उतरतं. एकूण ०.०५४ खाली. ०.३४ (नेमकं ०.३३७) मधून ०.२४१ वजा केले, ०.०९६, त्यातून ०.०५४ गेले, उरले ०.०४२. मीटर बरोबर होता. बाटली पण बरोबर होती. "एरर" नव्हताच कुठे.

पुढचं अजून भारी आहे. झिंकचा इलेक्ट्रोड कॅलोमेलशी जोडला तर टेबलाच्या हिशोबाने वजा १.०० यायला पाहिजे, येतं वजा १.०५ च्या पुढे. तो पण तेवढाच, ०.०५४ ने खाली उतरलेला, कारण झिंक सल्फेटचा कोएफिशियंट पण जवळपास तेवढाच आहे. आणि मग झिंक-कॉपर एकमेकांशी जोडले की दोघांचं घसरणं सारखं असल्यामुळे वजाबाकीत उडून जातं आणि मीटरवर १.१० झळकतं. इतकी वर्षं डॅनियल सेलला "बघा, पुस्तकातलाच आकडा आला" म्हणून सगळे खूश व्हायचे, आणि कॅलोमेलवाल्या प्रॅक्टिकलला तोंडं पाडायचे. प्रत्यक्षात दोन्हीकडे सोल्युशन तीच, घसरण तीच, एकीकडे ती लपते आणि दुसरीकडे दिसते.

मग मी विचारलं, १ मोलर घेतलं तर? सर हसले. १ मोलर कॉपर सल्फेटचा कोएफिशियंट ०.०४ च्या आसपास, म्हणजे ॲक्टिव्हिटी पण ०.०४. कॉन्सन्ट्रेशन दहापट वाढवूनही ॲक्टिव्हिटी तिपटीच्याही आतच वाढली. "१ मोलर म्हणजे स्टँडर्ड" हे बारावीपुरतं ठीक, पण खरी स्टँडर्ड अवस्था ही कल्पनेतली आहे, असं सोल्युशन ज्यात १ मोलर असूनही आयन एकमेकांना ओळखत नाहीत. ते कुठल्याच बाटलीत भरता येत नाही. मग ई नॉट काढतात कसं, तर सोल्युशन पातळ पातळ करत रीडिंग घ्यायची, कारण पातळ केलं की कोएफिशियंट १ कडे जातो, आणि ग्राफ काढून रेघ शून्य कॉन्सन्ट्रेशनपर्यंत लांबवायची. आमच्या कागदावर मात्र "०.१ मोलर" छापलेलं आणि उत्तराच्या जागी "०.३४". आता मी त्या कागदाच्या खाली पेनने कोएफिशियंट लिहून ठेवते. आणि एप्रिलमध्ये लॅब ३४ डिग्रीला असते तेव्हा ०.०५९२ चा ०.०६१ होतो हे पण, पण ते कुणी वाचत नाही.

हे एवढं झाल्यावर टेबलाकडे बघायची नजर बदलली आणि जुन्या सवयींची कारणं सापडायला लागली. परमँगनेटच्या टायट्रेशनला एचसीएल द्यायचं नाही, डायल्यूट सल्फ्युरिक द्यायचं, हे मला नोकरीला लागले तेव्हाच सांगितलं होतं, कारण न देता. टेबलात बघा, ॲसिडमध्ये परमँगनेट १.५१, क्लोरीन १.३६. परमँगनेट वर आहे, एचसीएलमधल्या क्लोराइडलाच ऑक्सिडाइझ करून बसणार आणि ब्युरेटचं रीडिंग फुकट जास्त येणार. डायक्रोमेट १.३३, तिथे एचसीएल चालवून घेतात.

पण टेबल सगळं सांगत नाही हे पण तितकंच खरं. ॲल्युमिनियम वजा १.६६, झिंकपेक्षा कितीतरी खाली, मग घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं पाण्यात फसफसत का नाही? वर ऑक्साइडचा पातळ घट्ट थर, म्हणून. लिथियम वजा ३.०४, सगळ्यात खाली, आणि पाण्यात टाकलं तर सोडियम जास्त उड्या मारतं. लिथियमचा आयन लहानसा, पाण्यात गेला की पाण्याचे रेणू त्याला घट्ट धरतात, त्यातून जी ऊर्जा सुटते तिच्यामुळे तो आकडा इतका खाली गेलाय. पण किती वेगाने होईल ते टेबलात कुठेच नाही. सोडियम पाण्यावर वितळून गोळी होऊन पळतं, लिथियम तेवढ्याने वितळत नाही. तेव्हा ई नॉटवरून "जोरात रिॲक्शन होईल" असं लिहू नका, "होऊ शकते" एवढंच लिहा, परीक्षक मार्क कापतात.

पेपर झाला, बरा गेला. लोखंडाचंच गणित आलं होतं, आकडे वेगळे धातू वेगळा. पण टेबल काही सुटलं नाही, सध्या परमँगनेटच्याच मागे लागलेय. ते १.५१ फक्त ॲसिडची ॲक्टिव्हिटी १ असताना. रिॲक्शनमध्ये पाच इलेक्ट्रॉनला आठ हायड्रोजन आयन लागतात, म्हणजे पीएच एकने वाढला की ०.०९५ व्होल्ट उतरतात, पीएच २ लाच ते १.३२ वर येतं. टायट्रेशनला पोराने सल्फ्युरिक कमी घातलं की फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळ होतं, मँगनीज डायऑक्साइड, आणि मी "ॲसिड घाल" म्हणून ओरडते. आता प्लॅटिनमची तार आणि कॅलोमेल घेऊन, ॲसिड थोडं थोडं कमी करत ते नेमकं कुठल्या पीएचला तपकिरी व्हायला लागतं ते बघायचंय. प्लॅटिनमची तार आहे, फ्लेम टेस्टवाली, काचेच्या दांड्यात बसवलेली. सरांनी हो म्हटलंय, बॅचेस संपल्या की. फक्त कॅलोमेलची खालची रबराची टोपी काढून मग बुडवा हो, ती तशीच ठेवून रीडिंग स्थिर होत नाही म्हणून मीटर बदलायला मागणारे दरवर्षी निघतात.